हाताने शिवलेले कॉर्सेट आणि जुन्या काळचे पोशाख : माप, मांजरपाट आणि किंमत

टाकादोरा

नमस्कार मंडळी. ब्लाउजच्या धाग्यावर (इथल्या चर्चेत) मी सहज लिहिलं होतं की मी कॉर्सेट, म्हणजे पट्ट्या घातलेली, कंबर आवळून धरणारी जुन्या काळची चोळी, शिवून विकते, तर तिथे इतके प्रश्न आले की मूळ धागा भरकटायला लागला म्हणून हा वेगळा काढतेय.

मी मूळची इचलकरंजीची, अकरा वर्षं झाली इंग्लंडात लेस्टरला आहे. घरात माग, आई ब्लाउज शिवायची, त्यामुळे कापड आणि मशीन लहानपणापासून हाताखालचं. इथे आल्यावर बाजूच्या मार्केट हार्बरो गावात सायमिंग्टनचा जुना कॉर्सेटचा कारखाना आहे, आता त्याच इमारतीत लायब्ररी आणि म्युझियम आहे, तिथे एका पावसाळी शनिवारी मुलीला घेऊन गेले होते. काचेमागे १८९० च्या आसपासचा एक कॉर्सेट होता, नाव 'प्रिटी हाउसमेड', म्हणजे मोलकरणींसाठी काढलेला. रेशीम नाही, लेस नाही, महागड्या पट्ट्यांच्या जागी ओळीने दोऱ्या भरून शिवलेल्या. मी तिथे अर्धा तास उभी होते. वाकून फरशी पुसणाऱ्या बाईच्या अंगावर दिवसभर राहणारा कपडा, आणि त्याच्या टिपा इतक्या सरळ की आईने बघितल्या असत्या तर हात लावून बघितलं असतं. तिथून हे सुरू झालं.

आता थोडक्यात हा प्रकार काय ते. एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरियन कॉर्सेटला समोर बस्क असतो, म्हणजे पोलादी पट्ट्यांची जोडी, एकीला कड्या आणि दुसरीला खुंट्या, मागे धातूची भोकं आणि नाडी. त्याच्या आधी अठराव्या शतकात जे होतं त्याला स्टेज (इंग्रजीत stays, रंगमंच नव्हे) म्हणायचे, त्यात नाडी एकाच दोरीने नागमोडी वर जायची आणि कापडात बारीक बारीक नेफे शिवून त्यात बलीन सरकवलेलं असायचं. बलीनला सगळे देवमाशाचं हाड म्हणतात पण ते हाड नाही, देवमाशाच्या तोंडातली गाळणी आहे, आपली नखं ज्या पदार्थाची तोच पदार्थ, ऊब लागली की नरम पडतं आणि अंगाचा आकार धरतं. आता अर्थात कोणी ते वापरत नाही, जर्मनीत त्यासारखी प्लॅस्टिकची पट्टी बनते ती मी वापरते. व्हिक्टोरियनला मात्र पोलादच. दोन प्रकारचं लागतं, सपाट पट्टी एकाच दिशेने वाकते ती भोकांच्या शेजारी, आणि गुंडाळलेल्या तारेची असते ती दोन्हीकडे वाकते, ती वळणाच्या शिवणींवर.

कापड कूटिल. सुती, हेरिंगबोन विणीचं, इतकं दाट की ओढलं तरी ताणत नाही. वरून काहीही लावा, साटन, ब्रोकेड, पण ताण घ्यायचं काम कूटिलचं. कमरेच्या ओळीत दोन थरांच्या मधे एक सुती फीत आडवी टाकायची, नाहीतर सहा महिन्यांत कंबर दोन सेंटिमीटरने सैल होते आणि गिऱ्हाईक म्हणतं मी बारीक झाले.

विचारा काय विचारायचं ते. किमतीबद्दलही मोकळेपणाने लिहीन.

कृष्णाकाठची

अगं काय भारी! मला आधी सांग, श्वास घेता येतो का? आणि हे घालून जेवता येतं का? आपण ब्लाउज जरा घट्ट झाला तर हात वर होत नाही.

टाकादोरा

येतो गं. मापाचा असेल तर येतो, हाच सगळा मुद्दा आहे. कमरेला साधारण दोन ते चार इंच आवळतात, सहसा जास्त नाही. बरगड्यांना चिकटून बसायचं पण दाबायचं नाही, आणि मांडीच्या वरच्या हाडावर टेकायचं नाही. श्वास पोटाऐवजी छातीत वर जातो त्याची सवय लागायला दोनतीन दिवस लागतात. जेवण थोडं थोडं. आणि आधी बूट घालायचे मग कॉर्सेट, हे पहिल्या दिवशी सगळे विसरतात, एकदा नाडी आवळली की खाली वाकून बुटाची लेस बांधणं अवघड.

उघड्या अंगावर नाही घालायचं. आत सुती शेमीज हवी, धुवायला तीच काढतात, कॉर्सेट क्वचितच धुतात.

वैशाखवणवा

माझा विरोध नोंदवते, कृपया वैयक्तिक घेऊ नका. बायकांना जखडणारी वस्तू आपण छंद म्हणून परत आणायची आणि वर विकायची हे मला पटत नाही. त्या काळातल्या बायकांनीच याविरुद्ध आवाज उठवला होता ना? लंडनमधे १८८१ साली रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली ती कशासाठी? माझी आजी नऊवारी नेसून डोक्यावर पाटी घेऊन बांध चढायची, तिला जर असं काही घालायला लावलं असतं तर. सौंदर्याच्या नावाखाली सोळा इंच कंबर करून घेणं हे आपण कौतुकाने बघावं का?

टाकादोरा

वैयक्तिक नाही घेतलं, बरं झालं लिहिलंत. रॅशनल ड्रेसवाल्या बायका बरोबर होत्या असं मलाही वाटतं, लहान मुलींना कॉर्सेट घालत होते हे वाचून मला त्रास होतो, १९०८ मधे सायमिंग्टननेच मुलांसाठी लिबर्टी बॉडिस नावाची मऊ बंडी काढली ती त्यामुळेच चालली.

पण सोळा इंचाचं थोडं सांगते कारण हे मी हातात घेऊन मोजलंय. म्युझियममधला किंवा बाजारातला जुना कॉर्सेट बंद करून मोजतात आणि म्हणतात बघा बावीस इंच. पण तो घालताना मागे बंद होत नाही, दोन-तीन इंच उघडा राहतो, तसाच घालायचा असतो, नाडी दिसते. मग अंगावर तो चोवीस-पंचवीस होतो. वर बाई लहानखुरी. आणि कंबर बारीक दिसायची ती खूपदा बाकीचं फुगवल्यामुळे, नितंबावर गादी, छातीला कापसाचं पॅडिंग, खाली १८५६ नंतर तो घागरा फुगवणारा पोलादी पिंजरा आला क्रिनोलिनचा, त्यावर कंबर कोणाचीही बारीक दिसेल. अघोरी आवळणाऱ्या बायका होत्या, पण सगळ्याच बायका तशा असत्या तर हाउसमेडवाला कॉर्सेट कारखान्याने काढलाच नसता. ती बाई पहाटे उठून जिना घासायची. तिला पाठीला आधार आणि जड घागऱ्यांच्या नाड्या कमरेत रुतू नयेत म्हणून काहीतरी हवं होतं.

माझ्याकडे एक जुना कॉर्सेट आहे, १९०० नंतरचा, जत्रेसारखा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तिथे घेतला. उजव्या बाजूला पट्टीच्या टोकाने कापड फाटलंय आणि तिथे कोणीतरी आतून दुसऱ्याच रंगाच्या कापडाचं ठिगळ लावलंय, टाके इतके बारीक की नखाने चाचपावं लागतं. ती बाई मला माहीत नाही, पण तिने तो फेकला नाही, दुरुस्त करून परत घातला. तिला फक्त बळी म्हणणं मला नाही जमत.

वैशाखवणवा

ठिगळाचं वाचून थांबले जरा. मत बदललं असं नाही म्हणणार, पण मोजमापाचा मुद्दा मला नवीन होता. धन्यवाद.

पडद्याआडून

मी पुण्यात नाटकांचा कपडेपट बघतो. आमच्याकडे इंग्रज बाईचं पात्र आलं की मागे झिप लावलेला गाऊन आणि वर एक टोपी, संपलं. प्रेक्षकाला चालतं पण मला डाचतं, कारण नटी उभीच चुकीची राहते. खांदे पडलेले, पोट पुढे. तुमचं वाचून वाटलं की वरचा झगा कितीही साधा असू दे पण आत खरा कॉर्सेट दिला तर अर्धं काम तिथेच होईल. पण दोन प्रवेशांच्या मधे दीड मिनिटात बदल असतो, नाडी कोण सोडणार?

जाता जाता, या धाग्यावर कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं नाव यायलाच हवं. १९८३ ला 'गांधी' साठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर, भारतात आलेलं पहिलं. जुन्या काळचा कपडा शिवणं हे गंभीर काम आहे हे आमच्या घरच्यांना पटवायला मला त्यांचंच नाव कामी आलं.

टाकादोरा

अगदी बरोबर बोललात, उभं राहणं बदलतं. कपड्याच्या आत काय आहे त्यावर बाहेरचा कपडा बेतलेला असतो, आधी आतलं, मग त्यावर माप, मग झगा. उलट केलं की कुठेच बसत नाही.

नाडी सोडायची नसतेच. नाडी मागे ओवलेलीच राहते, कमरेजवळ दोन फासे बाहेर काढलेले असतात, ते ओढून चार-पाच इंच सैल करायची आणि मग समोरचा बस्क उघडायचा. नाडी सैल न करता बस्क उघडायला गेलं तर खुंट्या वाकतात, हे तुमच्या मदतनिसाला पहिल्या दिवशी सांगा. सराव झाला की अर्ध्या मिनिटात निघतो. अजून एक, तालमीत घालायला द्या. प्रयोगाच्या आदल्या दिवशी नको. आवाज कुठून काढायचा ते तिला नव्याने शोधावं लागतं, गाणारी असेल तर तर नक्कीच. मी नाटकवाल्यांना दोन आठवडे आधी मांजरपाटाचाच पट्ट्या घातलेला नमुना पाठवते, खरा नंतर.

कृष्णाकाठची

मांजरपाटाचा नमुना म्हणजे?

टाकादोरा

खरं कापड कापण्याआधी मांजरपाटात शिवून अंगावर बसतो का ते बघायचा कॉर्सेट. आता हे जरा सविस्तर लिहिते कारण माझं सगळं काम यावर उभं आहे.

सुरुवातीच्या वर्षी एका नवरीची ऑर्डर आली. लग्न सहा आठवड्यांवर, व्हिक्टोरियन थीम, हस्तिदंती रंगाचा, वर छातीपर्यंत येणारा कॉर्सेट. तिने मापं घरी स्वतःच घेतली आणि पाठवली, म्हणाली वेळ नाही, नमुना वगैरे नको थेट शिवा. मी हो म्हणाले. शिवला. कूटिल, वर रेशीम, टोकांना भरतकाम, बाविसाव्या दिवशी तयार. तिने घालून फोटो पाठवला आणि माझ्या पोटात गोळा आला. वरची कड काखेखाली रुतत होती, मधल्या पाच बोटांच्या पट्ट्यात कापड गोळा झालं होतं. तिची छाती ते कंबर उभी उंची मी धरली होती त्यापेक्षा तीन सेंटिमीटर कमी होती. घेर सगळे बरोबर, उंची चुकली. आणि कॉर्सेट म्हणजे ब्लाउज नाही की बगलेत दाब सोडलेला आहे, उसवा आणि मोकळा करा, इथे प्रत्येक शिवणीवर पोलाद बसलेलं. मी तो परत मागवून अख्खा नवीन शिवला, रात्री दोन दोन वाजेपर्यंत, दुसऱ्यांदा कापड माझ्या खर्चाने. लग्नाच्या चार दिवस आधी पोचला. तिला आवडला, पण मी ते सहा आठवडे विसरले नाही.

त्यानंतर नमुन्याशिवाय एकही ऑर्डर घेतली नाही, कोणी दुप्पट पैसे देते म्हणालं तरी नाही. मांजरपाट इथल्या कॅलिकोपेक्षा मला आपलाच आवडतो, जाड, खळ असलेला, इचलकरंजीहून आई पाठवते किंवा मी येताना बारा-पंधरा मीटर आणते. आधी धुवून खळ काढते आणि दोन थर वापरते. तुकडे कापताना प्रत्येकाचा उभा धागा कमरेच्या ओळीला काटकोनात, हे चुकलं तर कॉर्सेट अंगावर पिरगळतो, नाडी तिरकी दिसायला लागते. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवायच्या म्हणजे पेनाने खुणा करून चिमटीत घेता येतं. तात्पुरत्या पट्ट्या चिकटपट्टीने लावायच्या, मागे भोकांची तयार पट्टी टाचायची, ती मी पुन्हा पुन्हा वापरते, आणि पोस्टाने गिऱ्हाइकाला. सोबत एक पान, नाडी कशी ओढायची, अर्धा तास घालून बस, मग चार फोटो, पुढून मागून दोन्ही बाजूंनी. कंबर कुठे वाकते तिथे पेनाने रेघ मार.

ते फोटो वाचायला शिकणं म्हणजे हे काम. आडव्या चुण्या कमरेवर म्हणजे उंची जास्त. मागची फट वर उघडी खाली बंद म्हणजे खाली सैल आणि वर कमी पडलंय. फट सरळ, समांतर, साधारण दोन इंच आली की जमलं.

तानापेटा

टेक्स्टाइल इंजिनियर, इचलकरंजीच. उभ्या धाग्याबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के. मागावर ताणा ताठ ओढलेला असतो म्हणून उभा धागा कमी ताणतो आणि आडवा जरा जास्त देतो, आणि उरेब, म्हणजे तिरपं, तर सगळ्यात जास्त. कूटिलमधे हेरिंगबोन का तर तिरप्या रेघा आलटूनपालटून उलट्या जातात, साध्या ट्विलला एका बाजूला जायची ओढ असते ती इथे एकमेकीला मारते.

आणि इंग्लंडमधे बसून तुम्ही ज्याला कॅलिको म्हणता ते नाव आपल्या कालिकतचं, डंगरी आपल्या मुंबईतल्या डोंगरीची. कापडाची नावं इथूनच गेली आहेत ती आठवण राहू द्या.

टाकादोरा

वा, हेरिंगबोनचं कारण इतकं नीट मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि नावं काय, कापडही. मी रीजन्सी काळाचे गाऊन शिवते, १८०० ते १८२० च्या आसपासचे, छातीखालीच कंबर आणि खाली सरळ सुटलेलं. त्या वेळची फॅशनच मुळी ढाक्याच्या मलमलीवर उभी होती आणि वर काश्मिरी शाल. दरवर्षी सप्टेंबरात बाथ शहरात त्या काळातली लेखिका जेन ऑस्टिन हिचा महोत्सव भरतो, शेकडो लोक त्या वेषात रस्त्याने चालतात, २०२५ ला तिची २५० वी जयंती होती तर माझ्याकडे फेब्रुवारीतच ऑर्डरी भरल्या. मी मलमल भारतातूनच मागवते. तिथल्या बायका कापडाला हात लावून विचारतात कुठलं, तेव्हा सांगायला फार बरं वाटतं.

रीजन्सीत कॉर्सेट वेगळा, कंबर आवळायची नाही, छाती वर उचलायची फक्त. पोलाद जवळपास नाहीच, भरलेल्या दोऱ्या आणि समोर मधोमध लाकडाची एक पट्टी सरकवायची. नवशिक्यांनी तिथून सुरू करावं. चुकलं तर कापड दोरा वाया जातो, जास्त काही नाही.

सूतगिरणीची लेक

न्यू जर्सीतून. आमच्या इथे रेनेसाँ फेअर (जुन्या काळच्या वेषातली जत्रा) असतो त्यासाठी मला स्टेज हवेत, अठराव्या शतकाचे. किती पडतील आणि इकडे येतील का? एका ठिकाणी ऐंशी डॉलरला दिसले.

टाकादोरा

येतील. ऑगस्ट २०२५ मधे तुमच्याकडची आठशे डॉलरपर्यंतची ड्युटीतली सूट गेली, तेव्हापासून छोट्या पार्सललाही ड्युटी लागते, ती किमतीत धरून सांगते, दारात पोस्टमन पैसे मागेल असं करत नाही. फक्त काळ एकदा नक्की ठरवा. फेअर रेनेसाँचा असेल तर अठराव्या शतकाचे स्टेज त्याच्या दोनशे वर्षं पुढचे होतात.

ऐंशी डॉलरच्या फोटोत मागची भोकं बघा. धातूची असतील तर ते अठराव्या शतकाचे नाहीत, धातूची भोकं १८२० च्या दशकाच्या शेवटी आली. मी अठराव्या शतकाचं म्हणून विकते तेव्हा भोकं हाताने करते. कात्रीने कापत नाही, आरीने पाडते, आपल्याकडे चांभार वापरतो तसली निमुळती आरी. टोक कापडात गेलं की धागे तुटत नाहीत, बाजूला सरकतात, फिरवत फिरवत भोक मोठं करायचं आणि लगेच दुपदरी मेण लावलेल्या दोऱ्याने गोल टाके घ्यायचे, प्रत्येक टाका जरासा ओढून. धागे शाबूत राहतात म्हणून ते भोक नाडी ओढून फाटत नाही. एकाला सहा मिनिटं. चाळीस भोकं म्हणजे चार तास, नुसती भोकं.

अख्खे हाताने शिवलेले स्टेज शंभर तासांच्या वर जातात, ते मी वर्षाला दोनच करते. बहुतेकांना देते ते म्हणजे आतले नेफे मशीनने आणि दिसणारं सगळं हाताने, आणि तसं स्पष्ट लिहून देते. ज्याला खरं हवंय त्याला आणि ज्याला परवडणारं हवंय त्याला, दोघांनाही काय घेतोय ते कळलं पाहिजे.

हे काम त्या काळात बहुतेक पुरुष करायचे माहितीये का? स्टेजमेकर म्हणून वेगळा धंदा होता. टॉमस पेन, ज्याच्या विचारांचा महात्मा फुल्यांवर एवढा प्रभाव पडला, तो मुळात स्टेजमेकर, वडिलांच्या हाताखाली शिकलेला. नेफे शिवताना मला कितीदा हे आठवतं.

पडद्याआडून

पेनचं माहीत नव्हतं! हे मी आमच्या ग्रुपमधे आज सगळ्यांना सांगणार.

शिवणकाकू

सांगलीहून. चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय बाळा, तुझं वाचून ऊर भरून आला. आता किमतीचं बोल. मला आजही अस्तराच्या ब्लाउजचे पैसे सांगताना जीभ जड होते, समोरची म्हणते काकू तुमचंच दुकान, काहीतरी कमी करा.

टाकादोरा

काकू नमस्कार. माझ्या आईचं हेच. ती पैसे सांगायची आणि लगेच खाली बघायची. मी पण पहिल्या वर्षी तेच केलं.

आकडेच देते. कमरेपुरता साधा व्हिक्टोरियन कॉर्सेट, कापड, बस्क, पट्ट्या, भोकं, नाडी सगळं मिळून माझे ४५ पौंड जातात. नमुना, फोटो, दुरुस्ती आणि शिवण धरून २० तास. पहिल्या वर्षी मी तो ९० ला विकला. म्हणजे तासाला सव्वादोन पौंड. इथे एप्रिल २०२५ मधे कायद्याने तासाला कमीत कमी १२.२१ द्यावे लागत होते, आणि मी मला सव्वादोन देत होते. वहीत हे मांडलं त्या रात्री मला झोप नाही आली. आता तोच २९० ला देते, म्हणजे तासाला बारा पौंड आणि पंचवीस पेन्स. एत्सी या ऑनलाइन बाजारात ३२० कारण ते साडेसहा टक्के घेतात आणि पेमेंटचे वर वेगळे. किंमत वाढवल्यावर तीन महिने एकही ऑर्डर नाही आली, घाबरले होते, मग आल्या त्या नीट माप देणाऱ्या, वाट बघणाऱ्या बायकांच्या आल्या.

काकू, लोक कापडाचे पैसे मोजतात. मोजायचं ते तुमच्या नजरेचं असतं, बाई दारातून आत आली की तिचा डावा खांदा उतरलाय हे तुम्हाला दिसतं, ते चाळीस वर्षांचं आहे. पैसे सांगा आणि गप्प राहा, कमी करते असं आपणहून नका म्हणू. मी हे आरशासमोर म्हणून बघितलंय, खरंच.

धंदा करणाऱ्यांसाठी इथलं एक, मापाने शिवलेल्या वस्तूला चौदा दिवसांत परत करायचा नियम लागू नाही, पण शिवणीत दोष असेल तर जबाबदारी आपलीच. आणि वर्षाला हजार पौंडांच्या वर विक्री गेली की टॅक्सवाल्यांना कळवायचं, पहिल्या ऑर्डरपासून वही ठेवा. निम्मे पैसे आधी, नमुना पास झाल्यावर उरलेले, मगच खरं कापड कापायचं.

शिवणकाकू

काल एकीला पन्नास रुपये वाढवून सांगितले आणि गप्प बसले. तिने दिले.

मला एक विचारायचंय, खणाचा कॉर्सेट होईल का गं?

टाकादोरा

काकू!! किती आनंद झाला.

होतो, तीन केलेत. गुळेदगुड्डचा खण, खाली कूटिल. पन्हा लहान असतो पण कॉर्सेटचे तुकडे अरुंदच असतात, उलट सोयीचं पडतं. अडचण दोन. एक म्हणजे खणाचं कापड शिवणीवर ताण आला की सरकतं, म्हणून आधी प्रत्येक तुकडा कूटिलवर हाताने टाचून घ्यायचा, कडेने धावदोरा, मग दोन्ही एकच कापड समजून १६ नंबरच्या सुईने टीप, टाका बारीक. दुसरं बुट्ट्या. समोर बस्कच्या दोन्ही बाजूंना बुट्टी समोरासमोर आली पाहिजे, नाहीतर डोळ्याला खुपतं. काठ मी वरच्या कडेला घेते, आपल्या चोळीच्या बाहीला येतो तसा. आणि पट्ट्यांच्या टोकांना खणाच्याच रंगाच्या रेशमाने टाके घालते, त्याला इकडे फ्लॉसिंग म्हणतात, पंख्यासारखे पाच-सहा टाके. शोभेला वाटतात पण पट्टीचं टोक कापड खाऊन बाहेर येऊ नये म्हणून असतात. माझ्या त्या जुन्या कॉर्सेटवर ठिगळ जिथे आहे तिथलंच फ्लॉसिंग निघून गेलेलं आहे.

हे मी ऐतिहासिक म्हणून विकत नाही. आजचा कॉर्सेट, खणाचा, असं लिहिते.

कृष्णाकाठची

धागा वर काढतेय. मी करून बघितला! मांजरपाट आणला, धुतला, दोन थर, सहा तुकडे एका बाजूला. पट्ट्या नाहीत म्हणून प्लॅस्टिकच्या केबल टाय कापून घातल्या. नवऱ्याने नाडी ओढली. पुढून छान दिसतंय पण मागची फट खाली जास्त उघडी आहे आणि वर जवळजवळ बंद. वर उसवू की खाली?

टाकादोरा

शाब्बास!! केबल टाय नमुन्याला उत्तम, मी पण सुरुवातीला तेच वापरायचे. अजून काहीच उसवू नको. खाली उघडी म्हणजे नितंबाला घेर कमी पडतोय, वर बहुतेक जरा जास्त झालंय. पण आधी नाडी पूर्ण सैल कर, पुन्हा घाल, यावेळी नवऱ्याला सांग कमरेपासून सुरू करून आधी वर मग खाली असं थोडं थोडं ओढायचं, एकदम नाही. अर्धा तास बस. मग चार फोटो टाक, आणि मागचा काढताना केस वर बांध, वरची दोन भोकं दिसली पाहिजेत.